‘रुग्ण ऐकत नाही’ या शेऱ्यामागे काय असते? पॉल फार्मर, कांज आणि आपल्याकडचा क्षयरोग

पायवाट (धागाकर्ती)

नमस्कार. क्षयरोगाचे उपचार अर्धवट सोडणाऱ्या रुग्णांविषयी आपल्या आरोग्यव्यवस्थेत एक वाक्य फार सहज उच्चारले जाते : ‘रुग्ण ऐकत नाही.’ विदर्भातील एका आदिवासीबहुल तालुक्यात क्षेत्र-संशोधक म्हणून मी तीन वर्षे काम केले. त्या काळात हे वाक्य मी डॉक्टरांकडून, परिचारिकांकडून, एवढेच काय पण रुग्णांच्या नातेवाइकांकडूनही ऐकले, आणि पहिल्या वर्षी माझ्या टिपणवहीतही ते जसेच्या तसे उतरले. एका रुग्णाच्या नोंदीपुढे ‘उपचारास नकार’ असा शेरा होता. त्याच्या घरी गेल्यावर शेजारणीने सांगितले की घरातली सगळी माणसे तेलंगणात मिरची तोडायला गेली आहेत, कारण मुकादमाची उचल आधीच घेतलेली होती आणि ती फेडल्याशिवाय परतणे शक्य नव्हते. गोळ्यांची पाकिटे छपराच्या वाशात नीट खोचून ठेवलेली होती. नकार देणारा माणूस औषध असे जपून ठेवत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

त्याच सुमारास पॉल फार्मर या वैद्यकीय मानववंशशास्त्रज्ञाचे हैतीमधील काम मी वाचले. त्याविषयी सविस्तर लिहावे आणि या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे अनुभव कळावेत, यासाठी हा धागा काढत आहे.

फार्मर यांचा जन्म १९५९ चा, अमेरिकेतला. वैद्यकीय शिक्षण सुरू होण्याआधीच, १९८३ मध्ये, ते हैतीला गेले आणि तिथल्या मध्य पठारावरील कांज या अतिशय गरीब वस्तीशी त्यांचे नाते जुळले. पुढे हार्वर्डमध्ये त्यांनी वैद्यक आणि मानववंशशास्त्र हे दोन्ही विषय बरोबरीने शिकले आणि १९९० मध्ये दोन्ही पदव्या मिळवल्या, पण त्या वर्षांतला मोठा काळ ते कांजमध्येच रुग्ण पाहत होते. १९८७ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी ‘पार्टनर्स इन हेल्थ’ ही संस्था उभारली. तिच्या हैतीतील भगिनीसंस्थेचे नाव ‘झान्मी लासांते’, म्हणजे क्रेयोल भाषेत ‘आरोग्यातले सोबती’.

कांजची वस्ती कशी वसली, हे फार्मर यांनी गावातल्या वृद्धांकडून ऐकून नोंदवले, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या विचाराचा पाया तिथेच आहे. १९५६ मध्ये आर्तिबोनित नदीवर पेलिग्र धरण बांधले गेले. अमेरिकी कर्जातून उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाचा लाभ खालच्या अंगाच्या शेतीला आणि राजधानीच्या विजेला झाला, आणि ज्यांची सुपीक खोऱ्यातली जमीन पाण्याखाली गेली ते शेतकरी वरच्या उघड्याबोडक्या डोंगरउतारांवर सरकले. क्षय, कुपोषण आणि नंतर एड्स या आजारांचा कांजमधला इतिहास लिहायचा, तर तो जंतूपासून सुरू करून भागत नाही, धरणापासून सुरू करावा लागतो, असे फार्मर यांनी दाखवून दिले. पोट भरण्यासाठी राजधानीत घरकाम शोधायला गेलेल्या मुली एचआयव्ही घेऊन गावी परतल्या, आणि त्या मुली कोणत्या घरांतल्या हे पाहिले की वाट पुन्हा त्या बुडालेल्या शेतांपाशीच जाते. समाजाच्या रचनेतूनच माणसांना जी इजा होते, तिला नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये ‘संरचनात्मक हिंसा’ म्हटले होते. फार्मर यांनी ही संकल्पना दवाखान्यात आणली.

आता क्षयरोगाकडे वळते. १९८८ च्या डिसेंबरमध्ये चाळिशीतले तीन रुग्ण क्षयाने दगावले. औषधे मोफत होती, मग असे का झाले, यावर कांजच्या दवाखान्यातील मंडळी एकत्र बसली आणि त्यांच्यात मतभेद झाले. काहींचे म्हणणे असे होते की लोक हा आजार करणीतून आला असे मानतात, त्यामुळे गोळ्यांवर त्यांचा विश्वास बसत नाही, आणि बरे वाटू लागले की ते औषध थांबवतात. गावातूनच निवडलेले आरोग्यसेवक मात्र म्हणत होते की जे सर्वांत गरीब आहेत तेच उपचारातून गळतात. हा वाद केवळ मतांवर न सोडता त्यांनी तो तपासायचे ठरवले. पन्नास-पन्नास रुग्णांचे दोन गट करण्यात आले. औषधे दोन्ही गटांना मोफतच होती. एका गटाला त्याशिवाय आरोग्यसेवकाची नियमित घरभेट, पोषक आहार, दवाखान्यात येण्याचा प्रवासखर्च आणि सुरुवातीचे काही महिने थोडी रोख रक्कम मिळाली. या गटातील सर्व रुग्ण बरे झाले. केवळ औषधे मिळालेल्या गटात हे प्रमाण जेमतेम निम्मे राहिले.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती यापुढची गोष्ट. आजार कशामुळे झाला असे वाटते, हेही प्रत्येकाला विचारले होते. करणी मानणारे आणि न मानणारे यांच्या बरे होण्यात फरक आढळला नाही. म्हणजे एखादी बाई शेजाऱ्याने करणी केली असे मनापासून मानत होती आणि तरीही गोळ्या वेळेवर घेत होती. ज्या मानववंशशास्त्रज्ञाला ‘लोकांच्या समजुती समजावून सांग’ म्हणून पाठवले जाते, त्यानेच येऊन सांगावे की या प्रश्नाचे उत्तर समजुतींत नाही, याला बौद्धिक प्रामाणिकपणा लागतो. हैतीत एक म्हण आहे. क्षयाच्या रुग्णाला औषध देऊन अन्न न देणे म्हणजे हात धुऊन ते मातीत पुसणे, असे तिथले लोक म्हणतात.

आपल्याकडे ‘अंधश्रद्धा’ हा शब्द आरोग्याच्या चर्चेत ज्या वेगाने येतो, त्या वेगाने ‘एसटीचे भाडे’ हा शब्द येत नाही. असे का होते, यावर आपली मते वाचायला आवडतील.

---

कोरडवाहू

अतिशय महत्त्वाचा विषय मांडल्याबद्दल आभार. मी नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव परिसरात बरीच वर्षे शिक्षक होतो, त्यामुळे पेलिग्र धरणाची हकीकत वाचताना सरदार सरोवराच्या बुडिताची आठवण होणे अपरिहार्य होते. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावांना त्या पाण्याची झळ बसली. मागे राहिलेल्या पाड्यांना पाणी वाढल्यावर रस्ताच उरला नाही, म्हणून नर्मदेत तरंगता दवाखाना सुरू करावा लागला. बोटीवरचे कर्मचारी मनापासून काम करतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु पाणी उतरले की बोट काठापर्यंत येत नाही, चिखल तुडवत जावे लागते, आणि अडलेल्या बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून वर डोंगरापर्यंत आणि मग पुढे जीपपर्यंत न्यावे लागते.

माझ्या वर्गातील एका मुलीची आई अशीच झोळीतून नेताना वाटेत गेली. त्यानंतर आलेल्या चौकशीत ‘कुटुंबाने रुग्णास उशिरा आणले’ असे लिहिले होते. त्या कुटुंबाने पहाटे तीनला चालायला सुरुवात केली होती. हे वाक्य लिहिणाऱ्याने खोटे लिहिले असे मी म्हणणार नाही, कारण दवाखान्याच्या दारात उभे राहून पाहिले तर उशीर झालेलाच होता.

---

निळी शाई

लेख आवडला, पण दोन शंका आहेत आणि त्या मांडल्या पाहिजेत.

पहिली शंका अभ्यासाच्या पद्धतीविषयी. माझ्या समजुतीप्रमाणे कांजमधील ते दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, तर रुग्ण कोणत्या भागात राहतो त्यावरून ठरले होते. अधिक मदत मिळालेला गट दवाखान्याच्या नेहमीच्या कार्यक्षेत्रातला होता आणि दुसरा त्याबाहेरचा. शिवाय शंभर रुग्ण ही संख्या लहान आहे. तेव्हा दोन गटांमधला संपूर्ण फरक अन्नाचा आणि पैशाचा आहे, असे खात्रीने कसे म्हणता येईल?

दुसरी शंका अधिक मूलभूत आहे. संस्कृतीला दोष देऊ नये हे पटते, परंतु म्हणून संस्कृती बाजूलाच ठेवायची का? मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या सळईने डागण्या देतात, तो डंभा काही एसटीच्या भाड्यातून येत नाही.

---

पायवाट (धागाकर्ती)

निळी शाई, पहिली शंका अगदी योग्य आहे. तो अभ्यास चालू सेवेच्या आत राहून केलेला होता आणि त्याला त्या मर्यादा आहेतच. परंतु तोच प्रश्न नंतर आपल्या देशात फार काटेकोरपणे तपासला गेला. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात क्षयरुग्णांच्या घरातील १०,३४५ व्यक्तींचा यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून, अभ्यास झाला. रुग्णांना दोन्ही गटांत शिधा मिळत होता. एका गटात मात्र घरातल्या इतरांनाही दरमहा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्मपोषक गोळ्या दिल्या गेल्या. त्या घरांमध्ये नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले, आणि संसर्ग पसरवणाऱ्या फुफ्फुसाच्या क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी. रुग्णांच्या बाबतीत असे दिसले की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांना मी कांजच्या त्या बैठकीत गावच्या आरोग्यसेवकांनी मांडलेल्या मताचा पुरावा मानते.

दुसऱ्या शंकेवर मला थोडा विचार करू द्या. डंभ्याचा प्रश्न मीही टाळू इच्छित नाही.

---

रानजाई

मी गडचिरोली जिल्ह्यात परिचारिका म्हणून काम केले आहे, त्यामुळे निळी शाई यांच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिण्याचे धाडस करते.

राणी बंग आणि अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेचे काम सुरू केले, हे इथे बहुतेकांना ठाऊक असेल. त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, त्याचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते आणि त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढेच जगभरात मानले जात होते त्या काळातील ही गोष्ट आहे. ‘बायका लाजतात, सांगत नाहीत’ असे कारण तेव्हाही दिले जात होते. पण ऐकणारी बाई समोर बसली तेव्हा त्या सांगत होत्या, आणि भरभरून सांगत होत्या.

‘सर्च’चा दवाखाना बांधायच्या वेळी आदिवासींनाच विचारले गेले की तुम्ही मोठ्या रुग्णालयात का जात नाही. त्यांनी जी कारणे दिली, त्यांत मोठ्या इमारतीची भीती होती, पांढऱ्या कपड्यांची भीती होती, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहायला जागा नसते ही तक्रार होती आणि तिथे आपला देव नाही हेही होते. म्हणून शोधग्राम या ‘सर्च’च्या वसाहतीतील दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला, नातेवाइकांच्या राहण्याची सोय झाली आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले.

मला या दोन गोष्टींत विरोध दिसत नाही. संस्कृती मोजायचीच असेल तर दोन्ही बाजूंची मोजावी. रुग्णालयाचीही एक संस्कृती असते. भेटीच्या वेळा, मराठी न येणाऱ्या म्हातारीवर ओरडणे, चपला बाहेर आणि माणूसही बाहेर, बाळंतिणीला एकटीला आत घेणे, यांतले काहीही वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले नाही. आम्ही ते करत आलो, मीही केले. माडिया बाईला तिच्या भाषेत ‘घाबरू नको’ एवढे दोन शब्द म्हणायला शिकायला मला चार वर्षे लागली, आणि त्या चार वर्षांत कोणीही माझ्या नावापुढे ‘ऐकत नाही’ असा शेरा मारला नाही.

डंभ्याविषयी एवढेच सांगते की रात्री दोन वाजता बाळाचे पोट फुगले आणि ते रडून निळे पडू लागले, तर आईसमोर त्या क्षणी जो उपलब्ध असतो त्याच्याकडे ती जाते. भूमका, म्हणजे पारंपरिक उपचार करणारा, गावात राहतो आणि हाक मारली की येतो. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेणारी गावातलीच प्रशिक्षित बाई मिळाली, तेव्हा गडचिरोलीच्या गावांत अर्भकांचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्या आयांच्या समजुती तीन वर्षांत बदलल्या होत्या, असे कोणी म्हणणार नाही.

---

पायवाट (धागाकर्ती)

रानजाई, तुमचा प्रतिसाद वाचून मला माझे उत्तर मिळाले. त्याला जोड म्हणून एक प्रसंग नोंदवते. ‘त्यांची संस्कृतीच तशी’ हे वाक्य गावातल्या दवाखान्यापुरते मर्यादित राहत नाही, ते जागतिक धोरणापर्यंत कसे पोहोचते, हे त्यातून कळेल.

१९९८ मध्ये फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांजमध्ये एचआयव्हीबाधितांना विषाणूरोधक औषधे मोफत द्यायला सुरुवात केली, तेव्हा गरीब देशांत हा उपचार व्यवहार्य नाही असेच बहुतेक तज्ज्ञ मानत होते. २००१ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेच्या तत्कालीन प्रमुखांनी जाहीरपणे असे मत मांडले की आफ्रिकेतील अनेक लोकांना घड्याळी वेळ कळत नाही, त्यांना सकाळ, दुपार, संध्याकाळ एवढेच कळते, तेव्हा ते ही औषधे वेळेवर कशी घेणार. त्या काळात या औषधांवाचून दररोज हजारो माणसे मरत होती. पाच वर्षांनी, २००६ मध्ये, अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार औषधे नीट घेणाऱ्यांचे प्रमाण आफ्रिकेत ७७ टक्के आणि उत्तर अमेरिकेत ५५ टक्के होते.

कांजमध्ये हे ज्यांच्यामुळे शक्य झाले, त्यांना तिथे सोबती म्हणतात. गावातलीच व्यक्ती रोज घरी जाते, आपल्यासमोर गोळी घ्यायला लावते, आणि त्याच वेळी घरात चूल पेटली आहे का, छप्पर गळते आहे का, हेही पाहते. तिला या कामाचे मानधन मिळते, यावर फार्मर यांचा कटाक्ष होता. गरिबांकडून गरिबांसाठी फुकट काम करून घेण्याची कल्पना त्यांना मान्य नव्हती. आपल्या आशाताईंना कामावर आधारित मोबदला मिळतो आणि त्यासाठीही त्यांना वेळोवेळी आंदोलने करावी लागतात, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

---

निळी शाई

रानजाई, तुमच्या प्रतिसादाने माझे मत बरेच बदलले, हे मोकळेपणाने सांगतो.

आता खर्चाचा मुद्दा. परदेशी देणग्यांवर चालणारी संस्था प्रत्येक रुग्णाला अन्न, पैसे आणि सोबती देऊ शकते, परंतु सरकारला ते परवडेल का, आणि संस्था निघून गेल्यावर काय उरते?

---

कोरडवाहू

‘परवडेल का’ या प्रश्नाचे उत्तर काही अंशी किमती कोण ठरवते यावर असते. पेरूची राजधानी लिमाच्या उत्तरेला काराबायो ही गरिबांची वस्ती आहे. तिथे नव्वदच्या दशकात नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय पसरलेला आढळला. अशा रुग्णांवरील दुसऱ्या फळीची औषधे फार महाग होती आणि गरीब देशांनी त्यात पडू नये असाच तज्ज्ञांचा सल्ला होता. फार्मर, जिम याँग किम आणि त्यांच्या पेरूमधील सहकाऱ्यांनी रुग्णांच्या घरीच उपचार सुरू केले आणि त्यांतले बहुसंख्य बरे झाले. त्यांनी पुढे हेही दाखवले की यांतील अनेक औषधांची स्वामित्वमुदत (पेटंटची मुदत) संपलेली आहे, त्यामुळे ती महाग असण्याचे कारण मागणी एकत्रित नसणे हे आहे. २००० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने एकत्रित खरेदीची व्यवस्था झाली, तेव्हा काही औषधांच्या किमती ९० टक्क्यांपर्यंत उतरल्या. ‘परवडत नाही’ हे उत्तर देण्यापूर्वी किंमत कोणी आणि कशी ठरवली हे विचारावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

संस्था निघून गेल्यावर काय, हा प्रश्न मात्र खरा आहे. २०१० च्या भूकंपानंतर हैतीला आलेल्या मदतीचा अगदी थोडा भाग तिथल्या सरकारी यंत्रणेपर्यंत पोहोचला, ही फार्मर यांचीच तक्रार होती. म्हणून मिरबाले येथे २०१३ मध्ये सुरू झालेले ३०० खाटांचे रुग्णालय हैतीच्या आरोग्य मंत्रालयासोबत उभारले गेले.

---

औषधपेटी

या धाग्यावर पहिल्यांदाच लिहीत आहे. मी क्षयरोग कार्यक्रमात उपचार पर्यवेक्षक आहे. आपल्याकडे निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले. म्हणजे कांजच्या त्या गटाला जे मिळाले त्याचे तत्त्व आपण स्वीकारलेले आहे. परंतु रक्कम बँक खात्यात जमा होते, आणि ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे त्यांच्याच खात्यात अडचणी असतात. आधारवरचे नाव वेगळे, खाते बंद पडलेले, अंगठा यंत्रावर उमटत नाही. माझ्या एका रुग्णाला उपचार पूर्ण झाल्यानंतर सर्व हप्ते एकदम मिळाले. त्याने मला फोन करून विचारले, ‘मॅडम, आता हे कशासाठी?’ त्या पैशांतून खायचे दिवस तोवर उलटून गेले होते.

आमच्या नोंदवहीत उपचार थांबवण्याच्या कारणांसाठी ठरावीक पर्याय असतात. स्थलांतर, दुष्परिणाम, नकार, इतर. ‘उचल घेतलेली आहे’ हा पर्याय नाही. पायवाट, तुम्ही सुरुवातीला लिहिलेल्या त्या मिरची तोडणाऱ्या रुग्णाचे पुढे काय झाले?

---

पायवाट (धागाकर्ती)

तो एप्रिलमध्ये परतला तेव्हा त्याचे वजन ३८ किलो होते. तोडणीच्या गावापासून जवळचे उपचार केंद्र १८ किलोमीटरवर होते. एकदा तो तिथे गेलाही होता, परंतु कागद जवळ नसल्याने त्याला परत पाठवण्यात आले, आणि त्या दिवसाची मजुरीही बुडाली. छपरातल्या गोळ्या त्याने मला काढून दाखवल्या आणि ‘या आता चालतील का?’ असे विचारले. थुंकीची तपासणी पुन्हा करून उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागले. त्या वर्षी त्याच्या थोरल्या मुलीलाही क्षय असल्याचे निदान झाले. पुढच्या हंगामात गावच्या आशाताईंनी तोडणीच्या टोळीतील एका बाईकडे दोघांच्या गोळ्या आणि कागदांच्या प्रती देऊन ठेवल्या आणि दर रविवारी स्वतःच्या पैशांनी फोन केला. दोघेही बरे झाले. नोंदवहीतला जुना शेरा मात्र अजून तसाच आहे, कारण मिटलेल्या वर्षाची नोंद बदलता येत नाही, असे मला सांगण्यात आले.